आभाळ्याची विहीर

एक होती म्हातारी, तिचं नाव तानाबाई. तिचा एक लेक मुरलीधर, एक सून शेवंता, एक नात रोशनी. तलावाच्या पाळीखाली त्यांचं घर, घरामागं विहीर, विहिरीत गळाभर पाणी, आणि ते पाणी वर काढाले मोटार नाही.

ती म्हातारी मीच. आता काय सांगू तुमाले, त्या म्हातारीनं एका भर दुपारी आपल्याच विहिरीले ओळख दिली नाही, आणि वरून कागदावर अंगठाही लावून दिला.

सांगते, पण आधी विहिरीचं समजून घ्या. आमच्याकडं धान, म्हणजे तुमचा भात, होते ते पावसावर, एकदाच. दिवाळीनंतर कापणी-मळणी झाली की शेताच्या बांध्या कोरड्या आणि अर्धं गाव रिकामं. मुरली आणि शेवंता दरसाल नागपूरले बांधकामावर जात. चार-पाच महिने. मागं उरते मी, रोशनी आणि एक गाय. विहिरीवर मोटार बसली तर उन्हाळी धान होईल, आणि उन्हाळी धान झालं तर लेक-सून घरी राहतील. म्हणून विजेसाठी अर्ज केला होता. चार वर्षं झाली. कोणी साहेब विहीर पाहाले येईल, मग खांब येतील, असं मुरली सांगे. त्या साहेबाची वाट पाहून पाहून मी त्याले विसरूनच गेली.

आता रोशनीचं ऐका. पोरगी साकोलीले कॉलेजात जाते, आणि मैत्रिणींसंगं मोबाईलवर सिनेमा काढते. सिनेमात एक उडता माणूस. त्याचं नाव पोट्ट्यांनी ठेवलं आभाळ्या. पाठीवर निळी चादर बांधून तो तलावावरून उडते, कुठं कोणी बुडत असलं, कुठं आग लागली, तिथं हजर. आणि एरवी? एरवी तो मनोहरबाबू. गावोगाव पिशवी घेऊन फिरणारा, याद्या लिहिणारा गरीबडा माणूस. आभाळ्या तोच, हे कोणाले माहीत नाही.

फक्त एका म्हातारीले माहीत. कारण त्याची चादर तिच्या विहिरीत लपवलेली. मनोहरबाबू येते आणि विचारते, आजी, विहीर कुठं आहे? म्हातारीनं म्हणायचं, विहीर? इथं कुठली विहीर? ती त्यांची खूण. म्हातारीचं काम मले दिलं. एवढं एकच वाक्य, पण मी ते गाईले ऐकवून ऐकवून पाठ केलं. विहीर दिसू नये म्हणून पोट्ट्यांनी तिच्यावर लाकडाच्या बल्ल्या टाकल्या आणि वरून धानाचं तणस रचलं.

पहिल्यांदा त्यांनी मनोहरबाबू केला तो रोशनीच्याच वर्गातला पोट्टा. जाड भिंगाचा चष्मा, पँट वर चढवलेली. कोंबडीले अडखळला, कागद उडवले, त त प प करत बोलला. सगळ्या पोट्ट्या हसून हसून लोळल्या. मी हसली नाही. मी म्हटलं, रोशनी, हा लपून राहिला का मिरवून राहिला? असा माणूस गावात आला तर पोरं त्याच्या मागं मागं फिरतील. महिनाभर त्याच्याच गोष्टी होतील.

रोशनी म्हणे, आजी, पडद्यावर समजलं पाहिजे ना, हा साधा आहे म्हणून.

"मग हे दाखव," मी म्हटलं. "तो येते, चपला सरळ काढून ठेवते, उभा राहते. आणि त्याले कोणी बस म्हणत नाही. एवढंच दाखव. लोक ज्याले हसतात तो लपलेला नसते, माय. लोक ज्याले विसरतात तो लपलेला असते."

बोलली खरं, आणि मग माझं मलेच कसंतरी झालं. माझा बुढा, रोशनीचा आबाजी, तसाच होता. माणसांत बसला तर मोजताना सुटून जाय. लग्नाच्या पंगतीत त्याच्या पत्रावळीवर वाढाले विसरत, आणि तो मागत नसे. पण पहाटे मी उठावं तर पाणी भरलेलं, गाईचं शेण काढलेलं, शेताच्या धुऱ्यावरचं फुटलेलं पाणी बांधलेलं. कधी केलं, कसं केलं, मी एकदाही पाह्यलं नाही. जाऊन बारा वर्षं झाली. अजूनही दुपारी तलावावरून बगळा संथ उडत गेला की मले वाटते, बुढ्याचंच धोतर चाललं असंल वाऱ्यावर. निघाला असंल कोणाचं तरी पाणी बांधाले.

असो. रोशनीले माझं पटलं. ती म्हणे, भंडाऱ्याहून एक नाटकवाला पोरगा येऊन राहिला, पंकज नावाचा. तो लय पोचलेला आहे. बसमध्ये बसला की तेव्हापासून तो मनोहरबाबूच. कोणी विचारलं तरी सोंग सोडत नाही. मी त्याले फाट्यावरून आणते, पण चुकामूक झाली आणि तो आधी आला, तर आजी, तू त्याले तयार कर.

सोंग सोडत नाही, हे ऐकलं आणि मी खूश. कारण आमच्या माहेरच्या दंडारीत हीच रीत होती. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं रातभराचं नाचगाणं आणि सोंगं. माझा बाप राजा व्हायचा. एकदा तोंडाले रंग लागला की आरती होईपर्यंत त्याले त्याच्या नावानं हाक मारायची नाही, सोंग बाटते म्हणत. माझी मायही त्याले चहा देताना म्हणे, घ्या महाराज. मी लहान होती, एकदा 'बाबा' म्हणून गळ्यात पडली, तर राजानं ओळखच दिली नाही. शिपायाले म्हणे, कोणाची पोर आहे ही? मी घरी येऊन रडली. पण तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं: सोंगातला माणूस आपलं काहीही नाव सांगो, आपण सोंगालेच मानायचं.

आता ती दुपार. मुरली आणि शेवंता खळ्यावर. सहा दिवसांनी नागपूरले निघायचं होतं, मुरलीची पिशवी खुंटीले भरून टांगलेली. ऊन कवळं. मी अंगणात बाजेवर, अर्धी जागी, अर्धी झोपेत. तलावाकडून वारा येऊन राहिला, त्याले शिंगाड्याच्या वेलांचा वास. डोळ्यापुढं आभाळ्या उडून राहिला. चादर कधी निळी, कधी धोतरासारखी पांढरी. तो खाली खाली आला, फाटकातून आत शिरला, चपला सरळ काढून ठेवल्या, आणि उभा राहिला.

मी डोळे चोळले. माणूस खराच उभा होता. बारीक अंगाचा, चष्मा, खांद्याले पिशवी, खिशाले पेन. मी मनात म्हटलं, वा रे पोरा.

तो म्हणे, मुरलीधरचं घर हेच काय? मी म्हटलं, हेच, या मनोहरबाबू. तो म्हणे, माझं नाव लांजेवार. मी हसली. राजानं नव्हती का ओळख नाकारली? मी म्हटलं, असाल बाप्पा, लांजेवार असाल.

त्याले मी बस म्हटलं नाही. खुर्ची बाजूलेच रिकामी होती. जन्मात पहिल्यांदा आमच्या अंगणात माणूस उन्हात उभा ठेवला. सरावासाठी.

तो हळू आवाजात म्हणे, "आजी, मी विजेच्या हापिसातून आलो. विहीर पाहाची आहे."

मी पदर सारखा केला. मोबाईल कुठं लपवला असंल म्हणून इकडं तिकडं पाह्यलं, मग आठवलं की तिकडं पाहाचं नसते. आणि असा खणखणीत आवाज लावला की गाय उठून उभी राहिली.

"विहीर? इथं कुठली विहीर?"

त्यानं कागद पाह्यला. "अर्जात तर लिहिली आहे."

"लिहिणाऱ्यानं लिहिली असंल. मी पन्नास वर्षं या घरात आहे, मले नाही दिसली."

"तुमच्या लेकानं लिहिली."

"त्याले सवयच आहे तशी."

पाहा बरं. माझा एकुलता एक लेक, खोटं बोलाची त्याले सवय, असं मी साहेबाले तोंडावर सांगितलं. तो बिचारा जरा वेळ घरामागं पाहत राहिला.

"ते तणस काहून असं गोल रचलं?"

"गाईचं आहे."

"पण गोल?"

"आमची गाय गोलच खाते."

हे काही पाठ केलेलं नव्हतं हो. हे आतून आलं. मले माझीच कमाल वाटली.

त्यानं कागदाची घडी घातली. खांदे पडले, मान खाली गेली. आणि इथं मले राहवलं नाही. मी बाजेवरून उतरली आणि त्याले समजावलं, की बाबू, बाकी सगळं बराबर, पण खांदे एवढे पाडू नको. नोकरीवाला माणूस एवढा गरीब दिसत नाही, लोकांले शंका येईल. जा, फाटकापासून पुन्हा चालत ये.

तो म्हणे, "आजी, मी नाटकातला नाही."

"शाबास," मी म्हटलं. "शेवटपर्यंत असंच म्हणायचं."

तुम्ही म्हणाल, तो चिडून निघून गेला असंल. नाही. तो फाटकापर्यंत गेला आणि चालत आला. मी म्हटलं, पिशवी जरा मागं. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळेस असा आला की मले तो आलेला दिसलाच नाही. एकदम समोर उभा. मी म्हटलं, हं, आता झाला तू मनोहरबाबू. मग त्यानं उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं, म्हणे, इथं अंगठा लागते. मी वाचणार कशी? पण सोंग म्हटल्यावर सोंग. दिला ठणकावून अंगठा.

तो गेला आणि अर्ध्या घंट्यानं रोशनी आली. संगं गॉगल घातलेला, कानात बाळी असलेला एक उंच पोरगा. म्हणे, आजी, हा पंकज. बस लेट झाली.

मी म्हटलं, मग तो कोण होता?

रोशनीनं एकेक विचारलं, मी एकेक सांगितलं. विजेचं हापिस सांगितलं तेव्हा ती मटकन बाजेवर बसली. मुरली खळ्यावरून आला, त्यानंही ऐकलं. अंगठा दिला काय माय, एवढंच विचारलं. हो म्हटलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं दोरीवरचा एक सदरा काढला, घडी घातली, आणि खुंटीवरच्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी रोशनीले घेऊन साकोलीले गेली. रस्ताभर धुकं. खिडकीतून मले खांब दिसत, एकापाठी एक धुक्यातून निघत आणि धुक्यात जात, आणि एकही आमच्या विहिरीकडं वळत नव्हता.

हापिसात माणसंच माणसं. मी चार टेबलं फिरली. बारीक अंगाचा, चष्म्यावाला, हळू बोलणारा साहेब कुठं आहे? शिपाई म्हणे, असा कोणी इथं नाही. एक बाई म्हणे, असंल, पण ध्यानात नाही येऊन राहिला. शेवटी एका कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन मी तिथल्या माणसाले काकुळतीनं विचारलं, "साहेब, तुमच्या इथं तो एक गरीबडा साहेब आहे ना, तो कुठं बसते?"

त्या माणसानं वर पाह्यलं. "मीच तो, आजी."

रोशनीनं तोंडाले ओढणी लावली. लपलेला माणूस कसा असते, हे गावभर शिकवणारी मी, आणि ज्याले तीन वेळा चालवलं त्यालेच ओळखलं नाही.

त्यानं मले आधी खुर्ची दिली. मी त्याले दिली नव्हती. मग मी सगळं सांगितलं, आभाळ्या, चादर, दंडार, सगळं. माझा लेक खोटं बोलत नाही साहेब, हे दोनदा सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एक कागद काढला. त्यावर माझा अंगठा होता. रोशनीले म्हणे, वाच.

रोशनीनं वाचलं. विहीर एक, पाणी आहे, सध्या तणसानं झाकलेली. खांब लागतील चार.

"तणसातून दोर बाहेर आला होता," तो म्हणे. "टोकाले ओली बादली."

मी म्हटलं, मग बोलले काहून नाही?

तो चष्मा पुसत म्हणे, "तुम्ही एवढं मन लावून नाही म्हणून राहिल्या होत्या. मोडवलं नाही."

चार दिवसांत विजेची लाईन मंजूर झाली आणि खांबांची गाडी आमच्या गावाकडं वळली. मुरलीनं नागपूरच्या ठेकेदाराले फोन करून सांगितलं, यंदा येत नाही. शेवंता त्या दिवशी गाईसंगंही गोड बोलली.

पंकज काही जमला नाही. गॉगल काढला तरी तो दिसायचाच. मग रोशनीनं लांजेवार साहेबालेच विचारलं. एका रविवारी आले. मनोहरबाबू तेच झाले. फक्त एकच अट घातली त्यांनी, आजीनं मले चालाले शिकवू नये.

होळीच्या आधी पोट्ट्यांनी समाजमंदिराच्या भिंतीवर सिनेमा दाखवला. सारं गाव आलं. मनोहरबाबू आले की कोणाले कळेच ना, कुठून आले आणि कुठं गेले. लोक म्हणत, असा साधा माणूस पाह्यला नाही. आणि म्हातारी? म्हातारी दिसली की पोरं आधीच ओरडत, इथं कुठली विहीर! मागून कोणीतरी म्हणे, बाकी सगळं झकास आहे, फक्त ते एक म्हातारीचं काम खोटं वाटते.

वाटू द्या बाप्पा. घरामागं मोटार चालू होती, तिचा आवाज समाजमंदिरापर्यंत येत होता. लेक माझ्या उजवीकडं बसला होता, सून डावीकडं, आणि पाच बांध्यांत उन्हाळी धान हिरवंगार उभं होतं.