गुरुजींना हवा होता ऐंशीचा वेग

"ऐंशी," गुरुजी म्हणाले. "ऐंशीच्या खाली मला चालणार नाही."

मी त्यांच्या स्कूटरचा सायलेन्सर उतरवून हातात धरला होता. आत इतकी काजळी होती की बोट जाईना.

"गुरुजी, नवी होती तेव्हा तरी ऐंशी गेली होती का?"

"नाशिकला एकाची जाते."

"तुम्ही पाहिलीत, का त्यानं सांगितलं?"

गुरुजी उपरण्यानं सीटवरची धूळ झटकायला लागले.

एकाहत्तर सालचा उन्हाळा होता. श्रीरामपुरात स्टेशनच्या बाजूला माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. त्यांच्या पश्चात ते मी चालवत होते. गाडी दुरुस्त करून ट्रायलही मीच घ्यायची. सुरुवातीला लोक थांबून बघत, मग त्यांनाही कंटाळा आला. गुरुजी आमचे जुने गिऱ्हाईक. आसपासच्या गावांतली लग्नं ते लावत आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला या जुन्या दीडशे सीसीच्या स्कूटरवरून जात.

त्यांची अडचण खरी होती. एकाच दिवशी दोन लग्नं आली होती. सकाळचं श्रीरामपूरजवळ, भाऊसाहेबांच्या मुलीचं. भाऊसाहेब त्यांचे पिढीजात यजमान, शब्द आधीच दिलेला. दुसरं राहुरीच्या अलीकडच्या गावात, दुपारी साडेबाराचं. ते त्यांच्या भाचीचं, वसुधाचं. तिथं ते भटजी नव्हते, मामा होते. वसुधाला वडील नाहीत. ती लहानाची मोठी गुरुजींच्या घरात झाली.

"अंतरपाटापर्यंत तिला मामानं न्यायचं असतं, मार्थाबाई," गुरुजी म्हणाले. "मी वाटेत अडकलो तर ऐनवेळी कुणीतरी परका तिचा हात धरणार. तो मुलाकडचा भटजी घड्याळ हातात घेऊन उभा राहणारा माणूस आहे. थांबायचा नाही."

"मग भाऊसाहेबांकडचं जेवण सोडा. अर्धा तास वाचेल."

"लग्न लावून यजमानाच्या दारातून उपाशी निघायचं? तुम्ही आपलं इंजिनाचं बघा."

इंजिनाचं असं असतं. या स्कूटरमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. ते जळतं आणि त्याची काजळी आत साठते. धूर बाहेर पडायची वाट अरुंद होते आणि गाडी दमते. ही काजळी खरवडून काढण्याला आम्ही डीकार्बनिंग म्हणतो. त्यानं वेग वाढत नाही, गेलेला परत येतो. गुरुजींची गाडी पन्नासवर आली होती. काजळी काढली, प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. गाडी पंचावन्न गेली.

"एवढंच?" गुरुजींचा चेहरा उतरला. "सायलेन्सर काढूनच टाका ना. ती मोटारसायकलवाली पोरं काढतात."

"त्यानं आवाज ऐंशीचा येतो. गाडी आहे तेवढीच पळते."

आणखी एक उपाय होता, तो मी त्यांना समजावून सांगितला. इंजिनाकडून मागच्या चाकाला जोर चेननं जातो. चेनच्या पुढच्या चक्रीला एक दात जास्त असला की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक थोडं जास्त फिरतं. म्हणजे ढांग लांब टाकायची. सपाटीवर फायदा होतो. पण ओझं घेऊन चढ चढताना लांब ढांग टाकून बघा, काय होतं ते.

"चक्री बदलते," मी म्हटलं. "पण गाडीवर तुम्ही एकटे. मागं कुणी नाही, पुढं पिशवीसुद्धा नाही. कबूल?"

"कबूल."

नव्या चक्रीवर मी ट्रायल घेतली. साठच्या जरा पुढं काटा गेला. वसुधाच्या मांडवापर्यंतच्या पंचवीस किलोमीटरला पन्नासच्या वेगानं अर्धा तास लागतो, साठच्या वेगानं पंचवीस मिनिटं. वाचली पाच.

"एवढ्या खटपटीला पाचच मिनिटं?"

"पाचच."

गुरुजींनी हिशेब केला. "हरकत नाही. पाच मिनिटांत माझी सप्तपदी होते."

भाऊसाहेबांचा ट्रॅक्टर आमच्याकडेच दुरुस्तीला यायचा, त्यामुळे त्या लग्नाला मलाही आमंत्रण होतं. वसुधाकडचंही होतं. सकाळच्या मुहूर्ताला मांडवात गुरुजी होते, वाजंत्री होते, नवरी होती. नवरदेव मारुतीच्या देवळापाशी होता आणि त्याचे नाचणारे मित्र त्याला पुढं सरकू देत नव्हते. तास गेला. गुरुजींनी अक्षता उरकल्या आणि पुढचे विधी कधी नव्हे इतक्या वेगानं म्हटले. जेवणही, मी बघत होते, दोन घासांत आवरलं.

मग ते स्कूटरपाशी आले. तिथं भाऊसाहेब उभे होते. गाडीच्या पुढच्या जागेत गव्हाचं पोतं ठेवून झालं होतं. त्यावर गुळाची ढेप. हँडलला नारळांची पिशवी.

मी पुढं झाले. "भाऊसाहेब, हे उतरवा. गाडीला वजन झेपणार नाही. चक्री बदललीय."

"आवं बाई, पोरीचं लगीन लावलं त्यांनी. मोकळ्या हातानं धाडू व्हय? लोक काय म्हंतील?"

"उद्या पाठवा."

"उद्याचा शिधा काय कामाचा? आन् ही आमची आत्या. कालव्यापल्याड तिचं गाव हाय. वाटंतच सोडा तिला. लई जड न्हाई."

आत्याबाई चांगल्याच जड होत्या. त्या आधीच मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती.

मी गुरुजींकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. "वाटेतच आहे," ते पुटपुटले आणि किक मारली.

मी फाट्यावर जाऊन राहुरीची एस.टी. पकडली. ती थांबे घेत घेत निघाली. कालव्याच्या पुलाचा चढ आला तसे पुढच्या बाकावरचे लोक हसायला लागले. चढाच्या मध्यावर गुरुजी धोतर खोचून स्कूटर ढकलत होते. आत्याबाई रस्त्याच्या कडेला गव्हाच्या पोत्यावर बसून त्यांना सूचना देत होत्या.

मी कंडक्टरला घंटी मारायला लावली आणि खाली उतरले. क्लच जळाल्याचा वास दुरूनच आला.

"पहिल्या गिअरातसुद्धा ओढत नाही हो," गुरुजी म्हणाले. "ती वाट बघत असेल."

"गाडीत बसा. स्कूटर मी आणते."

"एस.टी. फाट्याफाट्याला थांबते!"

तोवर सगळी एस.टी. खिडकीत आली होती. "गुरुजी, चला की! मुहूर्त टळतोय नव्हं?" गुरुजींना ओळखणारा एक म्हातारा ओरडला. "आवं डायवरसाहेब, भाचीचं लगीन हाय त्यांच्या. आता कुठं थांबू नगा. मला फुडच्या फाट्यावर उतरायचं हाय, मी येताना उतरीन!"

दोघांनी पोतं, ढेप आणि नारळ वर घेतले, दोघांनी आत्याबाईंना. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

मी क्लच निवू दिला, केबल थोडी सैल केली, पदर खोचला आणि निघाले. रिकामी स्कूटर सपाटीला लागताच साठवर गेली. ठरल्याप्रमाणे. तरी एस.टी. काही मला दिसली नाही.

मांडवाशी पोचले तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. अंतरपाटाच्या अलीकडं वसुधा उभी होती. तिच्या मागं गुरुजी. पांढऱ्या धोतरावर काळ्या ग्रीसचे पंजे, कपाळावर घाम, धाप अजून बसलेली नाही. वसुधानं हार धरलेला हात तोंडापुढं घेतला होता. मला आधी वाटलं रडतेय. जवळ गेल्यावर कळलं, धोतर बघून हसू दाबतेय. गुरुजींच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मुलाकडच्या भटजींनी घड्याळात पाहून शेवटचं 'सावधान' म्हटलं.

कोपऱ्यात आत्याबाई अक्षता टाकत होत्या. त्यांचं गाव मागं राहिलं होतं, त्याची त्यांना काही घाई दिसली नाही.

पुढच्या आठवड्यात गुरुजी गॅरेजमध्ये आले आणि जुनी चक्री परत बसवायला सांगितली. मी बसवली. क्लचच्या प्लेटाही नव्या घातल्या.

तेव्हापासून कुणी वेग वाढवायला स्कूटर घेऊन आलं, की मी इंजिन नंतर बघते. आधी विचारते, मागं कोण बसणार आहे? गिऱ्हाईक म्हणतं, कुणी नाही. मग मला गुरुजींचं 'कबूल' आठवतं आणि मी जुनीच चक्री ठेवते.