उलटीची धास्ती आणि शनिवारची गाडी

लग्न झालं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि कर्जत तालुक्यातल्या एका लहान गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते. मिरजगावला एस.टी.तून उतरायचं आणि तिथून सहा-सात किलोमीटर आत जायचं, बैलगाडी मिळाली तर गाडीतून, नाहीतर चालत. शाळेत आम्ही दोघंच. मुख्याध्यापक गुरुजी मोठे दोन वर्ग घेत, धाकटे दोन माझ्याकडे. माझे यजमान नगरजवळच्या नागापूरला, नव्याने सुरू झालेल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होते. आठवडाभर ते नगरला खोली करून राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने माझ्याकडे यायचे. असा आमचा संसार सुरू झाला.

मला एका गोष्टीची विलक्षण भीती होती आणि ती मी कुणालाही सांगितलेली नव्हती. मला उलटीची भीती वाटायची. स्वतःला होण्याची तर वाटायचीच, पण दुसऱ्याला झालेली बघण्याची, ऐकण्याची, नुसती तशी शंका येण्याचीसुद्धा. दहा वर्षांची असताना एका लग्नाच्या पंगतीत मला उलटी झाली होती आणि सगळी पंगत उठली होती. त्यानंतर बारा वर्षांत मी एकदाही ओकले नव्हते. ही बारा वर्षं मी एखाद्या मौल्यवान वस्तूसारखी सांभाळत होते. प्रवासाच्या आदल्या दिवसापासून जेवायची नाही. ताक आंबट लागलं की सोडून द्यायची. लग्नाच्या जेवणात फक्त वरण-भात घ्यायची, लोकांना वाटायचं पोरगी फार साधी आहे.

उन्हाळा, पावसाळा कसेही जायचे. थंडी आली की माझे हाल सुरू व्हायचे. पौषात बोरं पिकायची, हरभऱ्याला घाटे धरायचे, शेतात हुरडा निघायचा आणि पोरं दिवसभर हे सगळं कच्चं-पक्कं खात सुटायची. त्यातच सर्दी, खोकला, पोट बिघडण्याची साथ यायची. डांग्या खोकला झालेलं मूल खोकून खोकून शेवटी ओकतंच. एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात ही साथ आमच्या गावात आली तेव्हा मी रोज सकाळी शाळेची पायरी चढताना परीक्षेला बसल्यासारखी चढायची.

मुलांच्या चेहऱ्यावरून ओळखण्यात मी तरबेज झाले होते. ओठांभोवतीची कातडी पांढरी पडते. पोर एकाएकी गप्प होतं. लागोपाठ जांभया देतं आणि मग थुंकी गिळायला लागतं. एवढं दिसलं की मी त्याला लगेच सांगायची, "जा, बाहेर कडुलिंबाखाली बस. मोकळी हवा घे. बरं वाटलं की ये."

मुलं हुशार. आठ दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की गणिताच्या तासाला जांभई देऊन दोनदा थुंकी गिळली की बाई बाहेर सोडतात. एका सकाळी मी फळ्यावर हातच्याची वजाबाकी लिहून मागे वळले, तर वर्गात नऊ मुलं आणि लिंबाखाली सोळा. ती तिथे गजगे खेळत होती. नेमके गुरुजी व्हरांड्यातून चालले होते. ते थांबले, झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाई, वर्ग बाहेर आणि तुम्ही आत, हे कसं काय?"

"त्यांना बरं वाटत नाहीये, गुरुजी."

"सोळाजणांना?"

मी फळ्याकडे वळले. गुरुजी झाडाखाली गेले आणि मुलांना म्हणाले, "ज्याला मळमळतंय त्यानं इथंच बसा, मी वैद्यांचा काढा मागवतो. बाकीच्यांनी आत जावा." क्षणात झाड मोकळं झालं. गुरुजींनी मला पुढे एका शब्दानं विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ते गणिताच्या तासाला माझ्या वर्गावरून दोन चकरा जास्त मारू लागले.

घरी तरी सुटका असावी, तर तीही नव्हती. मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होते त्या शेतकरीणबाई मनाच्या फार चांगल्या. सकाळी माझा चहा उकळत असला की त्या दारात येऊन बसायच्या आणि गावाची खबर द्यायच्या.

"बाई, वरल्या आळीत सुताराच्या घरात तिघं पडल्यात. रातभर नुसतं भडाभडा. काल हुरडा खाल्ल्याला, त्यातलं दानं न् दानं—"

"मावशी, चहा घेता का?" मी घाईनं म्हणायची.

"द्या की. तर काय सांगत हुते, दानं न् दानं दिसत हुतं."

असा चहा मला कसा जाणार? मी तो त्यांनाच द्यायची. त्या म्हणायच्या, ही मास्तरीणबाई लई मायाळू हाय.

आता यजमानांचं सांगते. ते शनिवारी यायचे तेव्हा मी दारातच पहिला प्रश्न विचारायची, "गाडीत बरं होतं ना? त्रास नाही ना झाला?" त्यांना ते फार आवडायचं. नव्या बायकोला आपली एवढी काळजी आहे म्हणून त्यांचा चेहरा खुलायचा. खरं म्हणजे मी त्यांचे ओठ बघत असायची. ते नेहमी ताजेतवाने दिसायचे, तोंड धुतलेलं, मिशी ओली, आणि तोंडाला लवंगेचा वास. मला वाटायचं, किती टापटिपीचा माणूस आहे.

गावात साथ वाढली तशी मी त्यांना पत्र लिहिलं. "इकडे आजारपण फार आहे. या शनिवारी येऊ नये." ते आले नाहीत. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तसंच पत्र टाकलं. तिसऱ्या आठवड्यातही टाकलं. नगरहून कुणी पोटात साथ घेऊन येऊ नये आणि इथली साथ लागून कुणी माझ्या घरात आजारी पडू नये, एवढाच माझा हिशोब. त्या माणसाला काय वाटत असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

तिसऱ्या शनिवारी ते पत्राला न जुमानता आले. मुक्काम झाला, जेवणं झाली, पण बोलणं काही झालं नाही. रविवारी दुपारी मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. ते समोर येऊन बसले आणि खाली बघत म्हणाले, "एक विचारू का? खरं सांग. हे लग्न तुझ्या मनाविरुद्ध झालं का?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "असं का विचारता?"

"तीन पत्रं आली, तिन्ही पत्रांत येऊ नका. आलो तर तू हातभर लांब बसतेस. जेवताना माझ्याकडं टक लावून बघतेस, जसं काय मी काहीतरी चोरणार आहे. माझ्यात काय कमी असंल तर सांग. मी रागवणार नाही."

त्यांचा आवाज इतका पडलेला होता की मला माझीच लाज वाटली. मग मी सगळं सांगितलं. पंगत, बारा वर्षं, लिंबाचं झाड, मावशींच्या बातम्या, जेवताना टक लावून बघण्याचं कारण. सांगताना वाटत होतं की आता हे हसतील आणि आयुष्यभर हसत राहतील. पण ते हसले नाहीत. उलट त्यांचा चेहरा हळूहळू विचित्र होत गेला. आधी कान लाल झाले, मग ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले.

"मग मलाही एक सांगायचंय," ते म्हणाले. "मला गाडी लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे लागते. लहानपणापासून. वाटेतल्या रुईछत्तिशीपर्यंत ठीक असतं, पुढं कसाबसा दम धरतो. मिरजगावला उतरलो की स्टँडच्या मागं जातो. दर शनिवारी. तिथला चहावाला आता मला ओळखतो. मी दिसलो की आधी पाण्याचा तांब्या देतो, मग दोन लवंगा देतो, मग चहा. तुला कळू नये म्हणून तोंड धुऊन, जरा हवा खाऊन मग पुढं निघतो."

मी नकळत थोडी मागे सरकले. मग मला राग आला. मी, जी पंचवीस मुलांतून नेमकं मळमळणारं पोर हुडकून काढते, तिच्या घरात दर शनिवारी हा माणूस येतो, माझ्या ताटात जेवतो आणि मला पत्ता नाही. आणि मग लवंगांची आठवण झाली. मावसबहिणीला मी पत्रात लिहिलं होतं की आमचे हे फार शौकीन आहेत, खास माझ्यासाठी लवंग खाऊन येतात. ते आठवलं आणि मला हसू फुटलं. ते आधी घाबरले, मग तेही हसायला लागले. मावशी दारातून डोकावून बघून गेल्या.

हसू ओसरल्यावर मी मनाशी आकडा मांडला. दीड वर्षाचे शनिवार म्हणजे साठ-सत्तर वेळा तरी ती गोष्ट झाली होती. माझ्यापासून सात किलोमीटरवर, माझ्याच माणसाला. आणि दर वेळी तो माणूस तोंड धुऊन, चहा पिऊन, चालत येऊन माझ्याकडे दोन भाकरी जेवला होता. त्या गोष्टीकडे मी ज्या नजरेनं बघत आले होते तीत हे कुठेच बसत नव्हतं.

माघात माझ्या धाकट्या दिरांचं लग्न जामखेडला होतं. त्यासाठी आम्हाला कर्जतहून गाडीनं जायचं होतं. यजमान म्हणाले, "तू पुढं बायकांत बस, मी मागं बसतो." मला ते बरं वाटलं असतं, पण तोंडातून निघालं, "नको, शेजारीच बसू." खिडकी त्यांना दिली. निम्मी वाट गेल्यावर त्यांनी एक जांभई दिली. मग दुसरी. ओठांभोवती पांढरं दिसू लागलं. ते थुंकी गिळायला लागले तेव्हा माझ्या तळहातांना घाम फुटला होता. गाडीत काही लिंबाचं झाड नव्हतं. मी उठले आणि कंडक्टरला म्हणाले, "जरा थांबवा, यांना त्रास होतोय."

गाडी थांबली. आम्ही उतरून रस्त्याच्या कडेला गेलो. दोन्हीकडे करडई पिवळी झाली होती. ते वाकले आणि एका हातानं मला खूण करत म्हणाले, "तू तिकडं बघ. जवळ येऊ नको."

मी तिकडेच बघितलं, करडईकडे. पण लहानपणी पंगतीत आईनं माझं कपाळ धरलं होतं, ते मला त्या क्षणी आठवलं. इतकी वर्षं मला त्या दिवसातली फक्त उठलेली पंगत आठवायची, तो हात कधी आठवलाच नव्हता. मी शेजारी गेले, तोंड फिरवूनच त्यांचं कपाळ धरलं. गार होतं आणि सगळा भार त्यांनी माझ्या हातावर टाकला. गाडीच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडून सांगत होती, "आगं पोरी, पाठीवरून हात फिरीव त्याच्या. व्हय, असा." मी हात फिरवला आणि मनात आकडे मोजत राहिले. अठरापर्यंत पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. अठरा आकडे. एवढ्यासाठी मी बारा वर्षं ताक टाळलं होतं.

त्यांनी चूळ भरली, मिशी पुसली आणि म्हणाले, "भूक लागली."

मी खाली पडले नाही, पळालेही नाही. गाडीत परत चढलो तेव्हा त्या म्हातारीनं पदराच्या गाठीतून लिंबू काढून आम्हाला दिलं. नव्या नवरा-बायकोकडे सगळी गाडी कौतुकानं बघत होती. लग्नघरी पोचल्यावर मी पहिल्यांदाच पंगतीत सगळे पदार्थ वाढून घेतले. वांग्याची भाजी जरा जास्तच झाली, पण पचली.

भीती त्या दिवशी गेली असं मी म्हणणार नाही. शाळेत पोर खोकायला लागलं की अजूनही माझा खडू थांबायचा. पण मी मुलांना बाहेर पाठवणं बंद केलं. वर्गाच्या कोपऱ्यात राखेची टोपली ठेवली. कुणाला झालंच तर कपाळ धरायचं, वर राख टाकायची आणि पुढचं गणित घालायचं. मुलांना त्यात काही विशेष वाटत नसे. ओकून झालेलं पोर दहा मिनिटांत खिशातलं बोर काढून तोंडात टाकताना मी स्वतः बघितलं आहे.

पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही. गावात पाणी टँकरनं येऊ लागलं. दिवसातून पंधरा वेळा साबणानं हात धुण्याची माझी सवय आपोआप सुटली, कारण दोन हंड्यांत सगळं भागवायचं होतं. त्याच हिवाळ्यात मला दिवस गेले. बायका मूल होण्याच्या वेदनांना भितात, मी फक्त पहिल्या तीन महिन्यांना भीत होते.

एका रविवारी सकाळी चूल पेटवताना धुराचा वास आला आणि मला कळलं, आता होणार. यजमान घरीच होते. मी धावत परसात गेले. माझ्यामागून ते आले आणि त्यांनी माझं कपाळ धरलं. लेथवर काम करून खरखरीत झालेला, मोठा हात. मी मोजायला सुरुवात केली होती, पण मधेच आकडे विसरले.

झाल्यावर मी परसातल्या दगडावर उन्हात बसले. तेरा वर्षांनी झालं होतं. अंग हलकं वाटत होतं आणि त्याहून हलकं असं वाटत होतं की आता सांभाळायचं काही उरलं नाही. त्यांनी तांब्या आणून दिला आणि काळजीनं विचारलं, "कसं वाटतंय?"

"भूक लागली," मी म्हणाले. आत गेले आणि दुधात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली. मग उरलेली अर्धीही.