तळाशी काही नाही

माझी सून समुद्राच्या तळाशी कोण कोण राहतं ते बघते. लोक विचारतात, "म्हणजे मासळीचा धंदा?" मी म्हणते, "हो, पण विकत काहीच नाही."

खोल समुद्रातही डोंगर असतात म्हणे. त्यांच्या दगडांवर धातूचा थर चढलेला असतो आणि तो खरवडून आणायला कंपन्या टपून बसल्यात. त्याआधी तिथे कोणती जनावरं आहेत ते बघायचं, हे सूनबाईचं काम. बोटीवरून कॅमेऱ्याचं यंत्र खाली सोडतात, आणि ते काय दाखवतं ते ही पडद्यासमोर बसून टिपते. एकदा घरी फिल्म बघत होती, मी शेजारी बसले. पडद्यावर पांढरं, फुलदाणीसारखं काहीतरी.

"हे जनावर आहे, आई. स्पंज."

"हलत तर नाही."

"जागचं हलतच नाही कधी. बसून खातं."

"मग ओळखते मी ह्याला. लग्न केलंय ह्याच्याशी."

हसता हसता तिचा चहा सांडला.

मागच्या सफरीहून आली ती मात्र गप्पच. ताटातलं नुसतं चिवडायची. काय झालं विचारलं की, "काही नाही." बाईमाणसाच्या "काही नाही"त किती असतं ते मला कोणी शिकवायला नको. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली.

तिची चूकही ह्याच शब्दांची निघाली. आदल्या सफरीत एका उतारावर यंत्र तळाला घासलं आणि गाळ उठला. पडद्यावर नुसता धुरळा. अशा वेळी "दिसलं नाही" अशी खूण करायची. हिला बोट लागली होती, उलटीला पळायची घाई होती. हिने "काही नाही" अशी खूण केली आणि पुढे गेली. झालं, नकाशावर तो उतार ओसाड ठरला. कंपनीने चाचणीला नेमका तोच निवडला आणि एक पट्टा खरवडून काढला. ह्या खेपेला पाणी स्वच्छ होतं. पट्ट्याच्या दोन्ही काठांना स्पंजांची ही दाटी! काही तर माझ्या आजीच्याही आधीचे.

"मधे काय होतं ते कळलं ना, आई?"

आता उरलेला उतारही खरवडणार होते. हिचे साहेब म्हणाले, "आत्ता बोललात तर आपल्या सगळ्या कामावर संशय येईल. अहवालात हळूच दुरुस्त करू." पण अहवाल निघेपर्यंत उतार उरतोय कशाला?

"काय करू मी?"

"तुला ठाऊक आहे. मला कशाला मधे घेतेस?"

कंपनीच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, चूक माझी आहे. खरवडणं थांबलं, उतार पुन्हा तपासायचं ठरलं. साहेबांनी हिला पुढच्या बोटीतून वगळलं.

ऑफिसातल्यांनी पाठ थोपटली. मुलगा म्हणाला, धीराची आहेस. ती कांदा चिरत होती, ती थांबली.

"तो पट्टा काही आता भरून येत नाही, आई. आणि सगळे मला शाबासकी देताहेत. तुम्ही तरी रागवा ना."

मी तोंड उघडलं. एरवी मीठ जास्त पडलं तरी माझी जीभ सुटते. इतकी वर्षं सासूपण केलं, पण त्या दिवशी मला रागावता येईना.

"कांदा किती जाड चिरतेस गं," एवढंच कसंबसं म्हटलं.

तिने मान खाली घातली आणि तोच कांदा पुन्हा बारीक करायला घेतला.