जहाज कारखान्यातली सात वर्षे

परिचयबाई भित्र्या होत्या, हे आधीच सांगून टाकलेले बरे. घराबाहेर पडताना गॅसचे बटण तीनदा बघणार, कुलूप चारदा ओढणार आणि जिना उतरून गेल्यावर पुन्हा वर येऊन शेजारणीला विचारणार, "कसला वास येत नाही ना हो?" नवरा होता तोवर म्हणायचा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तो गेल्यावर त्याची थोरली बहीण त्यांच्याकडे राहायला आली आणि ते वाक्य तिने पुढे चालवले.

अशा बाईंना एका सॉफ्टवेअर कंपनीने काम दिले होते ते संचालक मंडळाचे परिचय लिहिण्याचे. वार्षिक अहवालात आठ फोटो आणि प्रत्येकाखाली सात ओळी. कोण कुठे शिकले, आधी काय करत होते, अनुभव किती वर्षांचा. एक जण बँकेतून आलेले, एक निवृत्त न्यायाधीश, एक हृदयाच्या डॉक्टर, एकांनी बावीस वर्षे लिफ्ट विकलेल्या. सॉफ्टवेअर म्हणजे नेमके काय, हे आठांपैकी दोघांनाच सांगता आले असते. पण बाईंना आठही जणांचे पूर्वायुष्य तोंडपाठ होते. दर वर्षी त्या मागचा मजकूर उचलायच्या, 'अनुभव' जिथे असेल तिथे एक वर्ष वाढवायच्या आणि कागद त्या त्या संचालकाकडे पाठवायच्या. 'वरील माहिती बरोबर आहे' याखाली सही होऊन कागद परत यायचा आणि फाइलला लागायचा. सही न वाचता होते, हे साऱ्या मजल्याला ठाऊक होते. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

त्या सोमवारी सकाळी मेल आला. ही कंपनी विकत घ्यायला निघालेल्या मोठ्या कंपनीचे वकील लिहीत होते, की संचालकांच्या परिचयातल्या प्रत्येक विधानाचा पुरावा शुक्रवारी चार वाजेपर्यंत पाठवावा. संचालकांच्या सहीचे कागद असतील तर तेही जोडावेत. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. सात जणांचे पुरावे त्यांनी मंगळवारीच डोळे मिटून पाठवून दिले. आठवे होते अध्यक्ष.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीचा पहिलाच अहवाल, आणि अध्यक्षांचा परिचय पाच ओळींत संपला. पाने जुळवणारा म्हणाला, खाली भोक दिसतंय, दोन ओळी द्या. अध्यक्ष परगावी, फोन लागेना. बाईंनी तेवढ्यापुरती जागा धरायला एक वाक्य ठोकून दिले: 'त्याआधी सात वर्षे ते जहाजबांधणी कारखान्यात अभियंता म्हणून कार्यरत होते.' जहाजच का, तर समोरच्या कॅलेंडरवर त्या महिन्यात जहाज होते. खरा मजकूर येईपर्यंत असे काहीतरी घालून ठेवायचे आणि विसरू नये म्हणून त्यावर पिवळा रंग मारायचा, अशी त्या कामाची रीतच होती. बाईंनी रंग मारलाही. पण छापखान्यात गेलेली प्रत निघाली काळ्यापांढऱ्या मशीनवर. पिवळा रंग त्या प्रतीत उमटलाच नाही, आणि वाक्य छापून आले.

बाईंच्या हे लक्षात आले तेव्हा अहवाल वाटून झाले होते. पण कुणी काही बोलले नाही. बोलले ते थेट अध्यक्षच, पुढच्या वार्षिक सभेत. "मी जहाजं बांधलेला माणूस आहे," ते म्हणाले. "जहाजाला भोक पडलं की ते कुणी पाडलं, हे विचारत बसायचं नसतं. आधी बुजवायचं." टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मागच्या रांगेत बाईंना घाम फुटला. तेव्हापासून सगळी कंपनी त्यांना कप्तान म्हणू लागली आणि कप्तान दर वर्षी तेच भोक बुजवू लागले.

बाई गप्प राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. अनुभवात एक एक वर्ष वाढवत राहिल्या आणि त्याबरोबर भीतीही वाढवत राहिल्या. कुणी केबिनमधून "बाई, जरा या" म्हटले, तरी छातीत धस्स व्हायचे. पिवळी खूण असलेला तो मूळ कागद मात्र फाडायचे त्यांना धाडस झाले नाही. कपाटाच्या तळच्या खणात, जुन्या पाकिटांखाली, तो तसाच होता.

बुधवारी संध्याकाळी नणंदेने चहाचा कप खाली ठेवला.

"वहिनी, सलग तिसऱ्या दिवशी चहात मीठ. आता सांगतेस, की मी शेजारी जाऊन चहा पिऊ?"

बाईंनी सगळे सांगितले. नणंद आधी पोट धरून हसली.

"म्हणजे तू त्याला जहाजावर चढवलंस, आणि तो सतरा वर्षं खाली उतरलाच नाही?"

"हसू नका हो, ताई. काढून टाकतील मला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. या वयात मला कोण दारात उभं करणार?"

नणंदेचे हसू थांबले. बाईंचे हात तिने आपल्या हातात घेतले.

"त्याला जाऊन सांग," ती म्हणाली. "चूक तुझी एका दिवसाची. त्याची सतरा वर्षांची."

गुरुवारी दुपारी बाई वरच्या मजल्यावर गेल्या. पडायला होईल म्हणून जिना टाळला, आणि लिफ्टमध्ये कोंडल्यासारखे झाले म्हणून एक मजला आधीच उतरल्या. केबिनमध्ये उभ्याउभ्याच त्यांनी सगळे सांगून टाकले. अध्यक्ष उठले, त्यांनी स्वतः दार लावले आणि खुर्चीपर्यंत परत यायला बराच वेळ घेतला.

"म्हणजे ते तुम्ही लिहिलं होतं."

"हो, सर."

"मला वाटायचं, मला पकडायला कुणीतरी मुद्दाम घातलंय. पहिल्या वर्षी मी वाचलंच नव्हतं. मग एकानं येऊन अभिनंदन केलं, आणि मला नाही म्हणायला जमलं नाही. त्यानंतर अहवाल निघायची वेळ आली की मला झोप लागत नाही, बाई."

"मग खरं काय होतं, सर? त्या सात वर्षांत?"

अध्यक्षांनी टेबलाकडे बघितले. "भावाची लाँड्री होती. लोकांच्या कपड्यांना नंबर लावायचो."

बाईंना वाटले, केवढी चांगली ओळ झाली असती. एकाच इमारतीत दोन माणसे सतरा वर्षे एकाच वाक्याला घाबरून होती, आणि एकमेकांना नमस्कार करून पुढे जात होती. त्यांना गलबलून आले. आता दोघे मिळून काहीतरी मार्ग काढू, असे त्यांच्या मनात आले आणि सोमवारपासून पहिल्यांदाच त्यांना नीट श्वास घेता आला.

"तो पिवळा कागद आहे अजून?" अध्यक्षांनी विचारले.

"आहे, सर."

"मग प्रश्नच मिटला." ते खुर्चीत सरळ बसले. आवाजही सभेतला झाला. "पत्र लिहून घ्या. सदर वाक्य एका कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे छापले गेले. अध्यक्षांना त्याची कल्पना नव्हती. संबंधित कर्मचारी आता कंपनीच्या सेवेत नाही."

बाईंचे पेन थांबले. "सर, मी आहे की सेवेत."

"उद्या चारनंतर नसाल," ते अगदी मायेने म्हणाले. "घाबरू नका, तुमचं मी बघून घेईन."

भोक कुणी पाडले हे विचारायचे नसते, असे दर वर्षी सांगणारा माणूस हाच, हे बाईंना जिना उतरताना आठवले.

शुक्रवारी सकाळी त्या पत्र टाइप करायला बसल्या. पहिले वाक्य झाले. दुसऱ्यापाशी बोटे अडली. अध्यक्षांनी पाठवलेला राजीनाम्याचा कागद शेजारीच होता, आणि एवढे लिहून टाकले की सुटका, हेही दिसत होते. पण बोटे अडली होती ती नोकरीपायी नव्हे. एक खोटे वाक्य त्यांनी सतरा वर्षे पोसले होते, त्याने त्यांची झोप खाल्ली, जेवण खाल्ले, नवऱ्याच्या आजारपणातसुद्धा ते डोक्यातून गेले नाही. दुसरे पोसायची ताकद त्यांच्यात नव्हती.

त्यांनी लिहिले: 'सदर वाक्य मी लिहिले. ते खरे नाही, हे मला पहिल्या वर्षापासून आणि अध्यक्षांना दुसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे. मी अजून सेवेत आहे.' खाली आपले नाव, आणि अध्यक्षांच्या सहीसाठी जागा. मग जोडलेल्या कागदांची यादी: पिवळी खूण असलेली मूळ प्रत, एक. अध्यक्षांच्या सहीचे परिचयपत्र, सतरा. वकिलांनी मागितले होते तेवढे सगळे. मागितलेला कागद वगळायची बाईंना आधीपासूनच भीती वाटायची.

साडेतीनला त्या पत्र घेऊन वर गेल्या. अध्यक्ष फोनवर होते. त्यांनी हात पुढे केला.

"वाचून घ्या, सर," बाई म्हणाल्या. हे त्यांनी आजवर कधीच म्हटले नव्हते.

अध्यक्षांनी फोनवर हात ठेवला. "तुम्ही लिहिलंय ना? मग बरोबरच असणार."

"तरी एकदा वाचा, सर. माझ्यासाठी."

त्यांनी घड्याळाकडे बघितले, बाईंकडे बघून समजूतदारपणे हसले आणि सही केली.

खाली येऊन बाईंनी एकोणीस कागद एक एक करून स्कॅन केले, दोनदा मोजले आणि चारला सात मिनिटे कमी असताना मेल पाठवला. नेहमीप्रमाणे एक प्रत अध्यक्षांना. मग त्या हात मांडीवर घेऊन बसल्या. भीती कुठे गेली नव्हती, पण आता ती कशाची आहे हे कुणापासून लपवायचे नव्हते.

चार वाजून दोन मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. वरच्या केबिनचा नंबर होता. बाईंनी तो दोनदा वाजू दिला आणि उचलला.

"हो, सर," त्या म्हणाल्या. "वाचलंत का?"