पालीच्या आजीचं शिफारसपत्र

आमदारांच्या कार्यालयातले लेखनिक चष्मा कपाळावर सरकवून बोलत आणि येईल त्याला आधी पाणी देत. तिथली इंग्रजी पत्रं मी टाइप करत असे. निवडणुकीनंतर पालीहून एक म्हातारी आली. आजारी मुलाला मुंबईच्या इस्पितळात खाट मिळावी म्हणून तिला शिफारसपत्र हवं होतं.

"मत मात्र मी दुसऱ्याला दिलंय हां," तिनं आपणहून सांगून टाकलं.

"मग त्याच्याकडेच जा. हरून घरीच बसलाय तो," एक कार्यकर्ता हसला. तिचं पत्र टाइप करायला घेतलेली माझी बोटं थांबली.

लेखनिकांनी म्हातारीला विचारलं, "आजी, मुलग्याचं वय काय?"

"पस्तीस."

"पस्तीस लिही, बाय," ते मला म्हणाले. "थांबलीस कशाला?"

मी टाइप करू लागले, पण मान वर करून आजीकडे बघायचा धीर झाला नाही.