आटवलेल्या गाईचा खरवस

दिरानं आमच्या गाईला मारलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. ती दावं तोडून त्याच्या वालात शिरली होती. तो बांबूची काठी घेऊन धावला आणि पाठीवर, पोटावर, सापडेल तिथं हाणत सुटला. गाभण जनावर बांधावरून खाली गेलं, गुडघ्यांवर आपटलं.

"भाऊजी, पोटात जीव हाय तिच्या!"

"मंग बांधून ठेवायला काय धाड भरली व्हती?"

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. घरं दोन, पण पडवी एकच, मधे नुसता काटक्यांचा, छातीएवढा कूड.

मार खाल्लेली गाय वेळेआधी व्याली. वासरू जगलं, कास चिकानं तटतटली, आणि माझी पंचाईत झाली. मागच्या वेताला तिची कास सुजून दगडासारखी झाली होती. म्हणून या खेपेला दूध आटवताना, शेवटची धार काढल्यावर, चारही सडांत पेनिसिलिनच्या ट्यूबा मीच सोडल्या होत्या. कोलाडच्या गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, लवकर व्याली तर चीक कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका, औषध त्यात उतरलेलं असतं. नवरा रोह्याला कंपनीत, शिफ्टवर. गुरांचं सगळं माझ्याकडे. ट्यूबांचं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

पण आमच्याकडे गाय व्याली की खरवस भावकीत जातोच. भांडण असलं तर आधी जातो. नाही पाठवला तर मनात आढी धरली म्हणून गावभर होतं, आणि ज्याचा खरवस अडवला त्याची दृष्ट कासेला लागते म्हणतात. मी गूळ-वेलची घालून टोप उकडायला ठेवला. एवढ्या वाफेत औषध कसलं राहतंय, असं स्वतःलाच सांगितलं. जावेला पेनिसिलिन चालत नाही हेही मला माहीत होतं. नवी नवरी असताना एका सुईनं तिचं अंग गांधींनी भरलं, तेव्हा उशाशी मीच बसले होते.

कुडावरून वाडगा दिला तर ती हसली. "भांडण तुमचं नि यांचं, जाऊबाई. खरवसाशी माझं काय वाकडं नाय."

थोड्या वेळानं पलीकडे वाडगा आपटला. मी धावले. तिचे ओठ फुगले होते, डोळे सुजून मिटले होते, गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि ती नखांनी स्वतःचाच गळा ओरबाडत होती. दिरानं तिला खांद्यावर टाकलं, रस्त्यावर टेम्पो अडवला, रोह्याला नेलं. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, रिअॅक्शन आहे, कशाची ते सांगता येत नाही.

तिच्या भावांना तेवढं पुरलं. तिच्या माहेरून, अष्टमी गावाहून, दोघे आले. आदल्या दिवशी नवरा-बायकोचं वाजलेलं त्यांच्या कानावर होतं, आणि पडवीत वालावर मारायच्या औषधाचा डबा उघडा होता. त्यांनी दिराला अंगणात आडवा केला.

"काय घातलंस रं तिला?"

"आईशपथ, काय नाय..."

पुढचं रक्तात बुडालं. कुडाला टेकलेली तीच बांबूची काठी एकानं उचलली. तिचं टोक डोळ्यात गेलं तेव्हा दीर ओरडला तो माणसाचा आवाज नव्हता.

मी दारात उभी होते. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी भ्याले होते हे खरं, पण तेवढंच खरं नाही. काठी पडत होती तेव्हा मला गाईवरचे फटके आठवत होते. मला बरं वाटत होतं.

जाऊ माहेरीच राहिली. नवऱ्यानं विष घातलं, हे तिनं मनाशी धरलं. दीर एकटा भात शिजवायचा, एक डोळा पांढरा घेऊन. मी कधी भाजी द्यायचे. तो घ्यायचा. तेच सहन व्हायचं नाही.

चार-पाच वर्षं गेली. तेव्हा जगलेली त्या गाईची कालवड यंदा व्याली. हिचं दुसरं वेत, हिलाही ट्यूबा, आणि हीही वेळेआधी. मी चिकाची बादली उकिरड्यावर ओतत होते. दीर बघत होता.

"वतताय कशाला, वहिनी?"

"औषध हाय त्यात. कुणाला बाधलं तर?"

त्यानं ओतलेल्या चिकाकडे पाहिलं. "तवाबी व्हतं?"

"व्हय."

त्यानं काठी उचलली. मी डोक्यावर हात घेतले नाहीत. काठी बादलीवर बसली, बादली चेपेपर्यंत बसत राहिली.

"तुला मारून माझा डोळा येतोय का?" धापा टाकत तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीवर आला होता. "साडी बदल. अष्टमीला चल. तिला सांग."

कुंडलिका नदीचा पूल आम्ही चालत ओलांडला, तो पुढे, मी मागे. जाऊ दारातच होती. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं,

"तुमच्या पोरांनी खाल्लेला तो खरवस?"

"नाय. आमच्या घरात मी तो वाढलाच नाय."

तिचा हात माझ्या कानशिलावर असा बसला की मी भिंतीवर आदळले, कानातला डूल तुटून पडला. तिनं पुन्हा हात उचलला तेव्हा मी तोंड वळवलं नाही. पण ती थांबली. माझ्यामागे उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे बघायला लागली.

"त्या डोळ्यानं काय दिसतं का वो?"

"उजेड कळतो."

तिनं त्याला आत घेतलं आणि दार लावलं. मी पायरीवर डूल शोधत बसले.