वाटेतलं स्टूल

आमचे भाऊजी म्हणजे हट्टी माणसांचे मेरुमणी. ताईचं त्यांच्याशी लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी भांडत आले आहे. अजूनही भांडते, फक्त आता मध्ये पडायला ताई नाही.

फोटोंना चौकटी बसवायचं त्यांचं दुकान घराच्या जिन्याखालीच होतं. काच कापायची हिरकणी काचेवर एकदाच फिरवायची आणि काच तिथेच तुटली पाहिजे, अशी त्यांची ऐट. पन्नाशीत त्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आंधळेपण औषधाने लांबेल, पण टळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताई तिथेच रडली. भाऊजींनी घरी येऊन चपला काढल्या. मग म्हणाले, "डोळे आहेत तोवर त्यांच्याशिवाय जगायची सवय लावून घेतो. माझा चहा मी करणार, दाढी मी करणार, जिना उतरून दुकानात जाऊन बसणार. कुणाच्या गळ्यात पडणार नाही."

दुसऱ्याच दिवशी सुरुवात. सकाळी उठायचं, टॉवेलने डोळे करकचून बांधायचे आणि पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत चालायचं. सगळं एकदम शिकायला गेले नाहीत, हे मात्र मानलं पाहिजे. आधी नुसतं चालणं. ते अंगवळणी पडल्यावर गॅस, मग भांडं, पाणी, साखर. चुकलं की परत पलंगापासून. अंगात ताप असला तरी खाडा नाही.

एकदा मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. सकाळी उठून दारात आले आणि बघतच राहिले. भाऊजी डोळे बांधून येत होते, आणि त्यांच्यापुढे ताई. अनवाणी, श्वास रोखून. आदल्या संध्याकाळी रेडिओ ऐकायला ओढलेलं स्टूल भाऊजींनी वाटेतच टाकलं होतं. ते तिने उचलून भिंतीशी ठेवलं. त्यांनीच सताड उघडं टाकलेलं कपाटाचं दार लावलं. भांड्याचा दांडा आत वळवला. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"पाहिलंस?" टॉवेल सोडत भाऊजी मला म्हणाले. "कुठे धक्का नाही की काही नाही!" चेहरा नुसता फुलला होता.

मी ताईला गॅलरीत गाठलं. "अगं, हा कसला सराव? वेड लागलंय का तुला? सांग त्यांना!"

"आपटले तर सोडून देतील गं. मग बसतील भिंतीकडे तोंड करून. आणि मी आहे ना."

"आणि तू नसलीस म्हणजे?"

"तुझ्या जिभेला काही हाड!" ती हसली.

पुढे डोळे गेले. भाऊजी डगमगले नाहीत. स्वतःचा चहा करून पीत, वर आल्यागेल्यालाही पाजत. सगळे तोंडात बोट घालत. ताई कौतुकाने ऐकत बसे.

मग एका दुपारी भाजी निवडता निवडता ताई कलंडली आणि उठलीच नाही.

भाऊजींचा भाऊ त्यांना न्यायला आला. "कशाला? मला सगळं येतं," म्हणून त्याला परत पाठवलं. मी मात्र थांबले. सकाळी अंघोळ करून बाहेर येते तर स्वयंपाकघरात धडधड आवाज. कपाटाचं दार कपाळात बसलं होतं, हात उकळत्या भांड्यावर पडला होता.

"दार कुणी उघडं टाकलं?" भाऊजी माझ्यावर ओरडले. "तुझ्या ताईने इतक्या वर्षांत एकदा तरी असं केलं का?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हीच टाकलंत! रोज तुम्हीच टाकायचात, आणि ती रोज तुमच्या पुढे जाऊन लावायची! अनवाणी, चोरासारखी, स्वतःच्या घरात!"

बोलून गेले आणि जीभ चावली. कपाळावरून रक्त ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"स्टूलसुद्धा?"

"स्टूलसुद्धा."

"म्हणजे मला काहीच येत नाही."

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून बसले, अगदी ताई म्हणाली होती तसे. मी करून दिलेला चहा निवून जायचा. मला ताईचा राग आला, स्वतःचा आला, आणि खूप रडू आलं.

मग एका सकाळी म्हणाले, "तू घरी जा आता. एकटा असलो तरच शिकेन."

मी "बरं" म्हटलं. दार धाडकन लावलं, आणि चपला हातात घेऊन आतच उभी राहिले. भाऊजी पलंगावरून उठले. स्टूल बरोबर वाटेच्या मध्ये होतं. मी काही ठरवलं नव्हतं हो, हात आपोआप पुढे गेले. स्टूल अलगद भिंतीशी ठेवलं.

भाऊजी चालत आले, नेमके तिथेच थांबले, वाकले आणि रिकाम्या जागेत हात फिरवला.

"गेली नाहीस ना?" त्यांचा आवाज चिरकला. "स्टूल मी मुद्दाम ठेवलं होतं. दोघी बहिणी सारख्याच. होतं तिथे ठेव ते. आणि आता खरंच जा."

मी ठेवलं आणि निघाले. अर्धा जिना उतरले नाही तोच स्टूल पडलं, आणि त्यावर भाऊजी पडल्याचाही आवाज आला. बऱ्याच वेळाने स्टूल सरळ झालं. पावलं परत पलंगापर्यंत गेली, तिथून निघाली, आणि स्टूल पुन्हा पडलं. मी कठडा घट्ट धरून उभी राहिले. वर गेले नाही.